तेरा दिवसांचा महिना

कामगार विम्याच्या इन्स्पेक्टर मॅडम गेटवर आल्या तेव्हा आमच्या कारखान्यात एकोणीस माणसं गैरहजर होती, आणि एकोणीसच्या एकोणीस मागावर उभी राहून टॉवेल विणत होती.

वॉचमनचा फोन आला, "मॅडम वहीत सही करालेत." म्हणजे माझ्याकडे दोन मिनिटं होती. मी पक्कं मस्टर काखेत मारलं, शेडमध्ये गेलो आणि सतरा तारखेच्या रकान्यावर बोट ठेवून नावं वाचायला लागलो. शाळेत हजेरी घेतात तशी, फक्त उलटी. नाव घेतलं की माणसाने माग बंद करायचा आणि मागच्या दाराने सुताच्या गोडाऊनमध्ये जाऊन गठ्ठ्यांमागे बसायचं. दिवाळीआधी एकदा तालीम घेतली होती. तेव्हा एकजण जोरात शिंकला होता, म्हणून त्याला नंतर पुढच्या रांगेत बसायला बंदी केली होती.

"बिंगी राजेशम."

"गैरहजर," राजेशम म्हणाला आणि पाना खिशात घालून निघाला. राजेशम जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. जाता जाता थांबला. "हिंगोली, आज कुठंय मी?"

"सासरे वारलेत तुमचे."

"अरेरे," तो म्हणाला. "चहा पिऊनच निघालोय की बे घरातून, त्यांच्याच सोबत."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. हिंगोलीहून बी.कॉम. होऊन सोलापूरला आलो होतो आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत येमूलशेठच्या टॉवेलच्या कारखान्यात क्लार्क होतो. माझं नाव विश्वंभर. ते कुणाला आठवत नसे. सगळे हिंगोली म्हणायचे. मीही ओ द्यायचो, कारण अख्ख्या जिल्ह्याच्या वतीने ओ देणारा दुसरा कुणी तिथे नव्हता.

शेठने पहिल्या दिवशीच काम समजावून सांगितलं होतं. वह्या दोन. कच्च्या वहीत खरं लिहायचं. पक्क्या मस्टरमध्ये, म्हणजे तपासणीला दाखवायच्या वहीत, प्रत्येकाचे महिन्याला फक्त तेरा दिवस भरायचे.

"मग उरलेले दिवस?" मी विचारलं.

"उरलेले दिवस गैरहजर. त्यांचे पैसे रोख, पाकिटातून."

"पण येतात की ते रोज."

शेठने माझ्याकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. दुपारी स्वतःच्या डब्यातली चटणी मला द्यायचा. "हे बघ, पीएफ, विमा, दोघांचा वाटा धरून शंभराला तीस रुपये जातात. मी पूर्ण भरलं आणि शेजारच्याने नाही भरलं, तर त्याचा टॉवेल माझ्यापेक्षा चार रुपयांनी स्वस्त. मग माझा घेणार कोण? आणि तपासायला तीन वर्षांतून एकदा कुणीतरी येतं, दंड करतं. तो दंड वाचवलेल्या पैशांपेक्षा कमीच असतो. आता कामगारांना विचार. त्यांनाही नकोच आहे."

मी विचारलं. खरंच नको होतं. राजेशम तर म्हणाला, "तेरा पण कशाला? दहाच दाव. कापलेला पैसा साठाव्या वर्षी मिळणार म्हणे. साठाव्या वर्षी मी काय करू त्याचं? आत्ता पोरीची फी आहे."

एक कामगार अधिकारी मागे कधीतरी म्हणाला होता की इतकी माणसं विनाकारण कशी गैरहजर राहतात. म्हणून शेठने मस्टरला कारणाचा रकाना पाडून घेतला होता. तो रकाना माझ्या ताब्यात आला आणि मी कामाला लागलो. त्रेचाळीस माणसं, प्रत्येकाची तेरा-चौदा गैरहजेरी, प्रत्येकीला कारण. सुरुवातीला ताप, जुलाब, दाढदुखी असं चाललं. मग मला ते बरं वाटेना. एवढ्या लोकांना दर महिन्याला जुलाब कसे होतील? मी लग्नं लावायला सुरुवात केली. राजेशमच्या नऊ मेहुण्यांची लग्नं मी एका वर्षात उरकली. त्याला मेहुणा एकच होता आणि त्याचं लग्न आधीच झालेलं होतं. एकाला तुळजापूरला पाठवलं, एकाला बारशाला. सिद्धेश्वराच्या जत्रेला सगळ्यांना एकदम सोडलं.

बाकी कुणाला त्यात रस नव्हता. राजेशम मात्र एक तारखेला टेबलाशी यायचा. "या महिन्यात कुठं पाठवालास?" मी वाचून दाखवायचो. तो मान हलवत ऐकायचा, मध्येच सूचना करायचा. "मेहुण्याला पोरगं झालं असंल आता. बारसं घे की." दिवसभरात कुणाशी चार वाक्यं बोलणं व्हायचं ते एवढंच. नऊ वर्षांत त्याने प्रत्यक्षात किती सुट्ट्या घेतल्या होत्या, हे कच्च्या वहीत होतं. चार.

तर त्या सतरा तारखेला पाथरकर मॅडम ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी, पायात स्पोर्ट्सचे बूट. चहा नको म्हणाल्या, मस्टर मागून घेतलं. शेडकडे बघून म्हणाल्या, "अर्धे माग बंद का?"

"लाईट गेली मॅडम," शेठ म्हणाला. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. सगळ्यांनी थोडा वेळ पंख्याकडे बघितलं.

"आधी गोडाऊन बघू," त्या म्हणाल्या.

तालमीत हे नव्हतं. शेठने मला डोळ्यांनी खुणावलं. मी मागच्या बाजूने पळालो. एकोणीस माणसं गठ्ठ्यांमागे उकिडवी बसली होती. बाहेर पडायचं तर मॅडम दारातच येणार. कोपऱ्यात छतावर जायची लोखंडी शिडी होती. मी म्हणालो, "वर चला सगळे."

"पत्र्यावर?" राजेशम म्हणाला.

"कडेकडेने जा. पाच मिनिटांचं काम आहे."

वर सिमेंटचे पत्रे होते, वीस वर्षं ऊन खाल्लेले. हे मला माहीत होतं. पावसाळ्यात तिथून गळतं म्हणून मीच दोनदा मिस्त्री बोलावला होता.

माणसं वर गेली, शेवटचा पाय दिसेनासा झाला आणि मॅडम आत आल्या. उभ्या उभ्या मस्टर चाळत होत्या. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. एका पानावर थांबल्या.

"या बिंगींचे सासरे फेब्रुवारीत वारले."

"हो मॅडम," शेठ म्हणाला.

"आज पुन्हा वारलेत."

शेठने माझ्याकडे बघितलं. मी मस्टरकडे. फेब्रुवारीतलं मी विसरलो होतो. चौदा महिने एवढ्या माणसांचे नातेवाईक सांभाळायचे म्हणजे एखादी चूक होतेच.

"दुसरे सासरे असतील," शेठ म्हणाला.

"बायको एकच आहे, त्यांच्या विम्याच्या फॉर्मवर लिहिलंय."

तेवढ्यात वर कड् असा आवाज झाला. पत्र्याचा तुकडा पडला, मागोमाग उजेड पडला आणि मग राजेशम पडला. गठ्ठ्यांवर पडला असता तर उठून बसला असता. दोन थप्प्यांच्या मध्ये फरशीवर पडला.

भोकातून वरची सगळी डोकी गोल करून खाली बघत होती.

मॅडम खाली बसल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला. "नाव काय तुमचं?"

"राजेशम बिंगी."

त्यांनी हातातल्या मस्टरकडे बघितलं. "तुम्ही आज गैरहजर आहात. तुमचे सासरे वारलेत."

राजेशमने डोळे मिटून घेतले होते, चेहरा पांढरा पडला होता. तरी म्हणाला, "हो मॅडम. फार वाईट झालं."

त्यानंतर शेठनेच गाडी काढली आणि त्याला दवाखान्यात नेलं.

कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालेल काठी घेऊन, पण उभं राहायचं काम यापुढे नाही. जॉबरचं सगळं कामच उभ्याचं. राजेशम एकेचाळीस वर्षांचा होता.

कामावर असताना अपघाताने कायमचं अपंगत्व आलं तर विम्याकडून जन्मभर दरमहा पेन्शन मिळते. पण माणूस कामावर असायला लागतो. राजेशम कामावर नव्हता, सुतकात होता. शेठच्या वकिलाने जबाब तयार केला: सदर कामगार त्या दिवशी रजेवर होता, पाळलेलं कबुतर धरण्यासाठी परवानगीशिवाय छतावर चढला. मॅडमनी त्याला पडताना बघितलं होतं, काम करताना नाही. शेठ राजेशमच्या घरी एक लाख रुपये रोख देणार होता. वर गेलेल्या बाकीच्या अठरा जणांबद्दल जबाबात काही नव्हतं. कबुतर एकच होतं.

चौथ्या दिवशी एक म्हातारा ऑफिसात आला. धोतर, टोपी, सरळ ताठ कणा. समोरच्या खुर्चीत बसला.

"मी मल्लय्या," तो म्हणाला. "राजेशमचा सासरा. मेलो म्हणे मी."

"बसा ना," मी म्हणालो. तो बसलेलाच होता.

"कधी मेलो?"

"फेब्रुवारीत. आणि परवाच्या सतराला."

"आजारी होतो का?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

त्याने थोडा विचार केला. "अचानक गेलो म्हणायचं. बरं झालं, पोरीला त्रास नाही." मग टेबलावर दोन्ही हात ठेवले. हातमागावर आयुष्य काढलेले हात, बोटं वाकलेली. "माझ्या मरणापायी जावयाची पेन्शन चाललीय. तू मारलंस, तूच लिहून दे, जिवंत आहे म्हणून."

"तुम्ही जिवंत आहात एवढ्याने भागत नाही आजोबा. ते हजर होते असं लिहावं लागेल."

"मग ते लिही."

"ते लिहिलं तर सगळंच लिहावं लागेल. सगळ्यांचं."

"मोठं काम आहे का?"

मोठं नव्हतं. कच्ची वही कपाटात होती आणि किल्ली माझ्या खिशात. म्हातारा थोडा वेळ बसला, मग उठून गेला. जाताना दार हळू लावून गेला, आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं.

दुपारी मी दवाखान्यात गेलो. सोबत मोसंबी नेली. दवाखान्यात मोसंबी नेतात हे मला ऐकून माहीत होतं. मी याआधी कधी कुणाला भेटायला गेलो नव्हतो.

राजेशम छताकडे बघत पडला होता. "सांगू नको," मी काही बोलायच्या आधीच म्हणाला. "सगळ्यांचं पूर्ण कापलं जाईल. हातात दोन-अडीच हजार कमी येतील. माझ्या घरावर दगडं मारतील बे."

"पेन्शन मिळेल पण."

"किती?"

मी हिशोब करूनच गेलो होतो. कबुतर खरं धरलं तर काहीच नाही. नुसतं त्या दिवशी हजर होता एवढंच सिद्ध झालं, तर पेन्शन तेरा दिवसांच्या पगारावर. तो आकडा सांगितला. पूर्ण पगार दाखवलेला असता तर किती, तेही सांगितलं. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट होता.

राजेशमने दोन्ही आकडे बोटांवर मोजून बघितले.

"मीच म्हणलो होतो ना," तो म्हणाला. "दहाच दाव म्हणून."

"शेठने तेरा ठरवले होते."

"मी दहा म्हणलो होतो." त्याने मान भिंतीकडे वळवली. "वाटलं, साठीची गोष्ट आहे. एकेचाळिशीत साठी येती हे कुणी सांगितलं नाही की बे."

त्याची बायको चहा घेऊन आली. मला दिला नाही. तिचं बरोबर होतं. माणसांना वर पाठवणारा मी होतो, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कच्ची वही पिशवीत घालून विम्याच्या ऑफिसात गेलो.

पाथरकर मॅडम डबा खात होत्या. वही उघडून बघायला लागल्या. खाणं थांबलं. वीस मिनिटं पानं उलटत राहिल्या.

"ही कुणाची वही?"

"कारखान्याची. खरी."

"त्या दिवशी तुम्हाला बघितलं होतं. तुम्ही तिथे कोण?"

"क्लार्क."

त्यांनी कपाटातून आमची फाईल काढली, कामगारांची यादी वरून खालपर्यंत बोटाने तपासली. परत एकदा तपासली. "या कारखान्यात क्लार्क नाही."

"आहे मॅडम. मी आहे."

"यादीत नाही. त्रेचाळीस कामगार, तुमचं नाव नाही. पगारपत्रकात नाही. तुम्ही या कारखान्यात कामालाच नाही. उद्या वकील विचारेल, ही वही आणणारा कोण? बाहेरचा माणूस, कुठूनतरी वही लिहून आणली. मी काय सांगू?"

हे मला माहीत असायला हवं होतं. यादी मीच बनवायचो. चौदा महिने दर महिन्याला बनवली. त्रेचाळीस माणसांना तेरा-तेरा दिवस वाटताना मला एकही दिवस मिळालेला नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पक्क्या मस्टरमध्ये नव्हतो ते ठीक. कच्च्या वहीतही मी नव्हतो. ती तर मीच लिहायचो.

"कुणी साक्ष देईल? कामगारांपैकी?"

मी विचार केला. "नाही देणार."

"मित्र वगैरे?"

"नाही."

मॅडमनी पेन उघडलं आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा. सतरा तारखेला खरोखर कोण कोण हजर होतं. सगळी नावं."

मी लिहायला बसलो. त्रेचाळीस नावं, मस्टरच्या क्रमाने. पाठच होती. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद पक्क्या मस्टरच्या झेरॉक्सशेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्हीकडे बघितलं.

"'ळ'ला अशी शेपटी कोण काढतं?" त्या म्हणाल्या. "चौदा महिने तीच शेपटी. म्हणजे मस्टर तुमच्याच हातचं. खोटं लिहिणारे तुम्ही, हे सिद्ध होतंय. आणि तुम्ही तिथे कामाला होता याचा पुरावा सध्या तेवढाच आहे. सही कराल?"

"करीन."

"तुमच्यावरही कारवाई होऊ शकते."

"माहीत आहे."

त्यांनी जबाब लिहून घेतला. शेवटी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "एक मला कळत नाही. हे रोजच्या रोज का नाही भरलं? त्या दिवसाचा रकाना कोरा असता, तर मला बघून सगळ्यांना हजर मांडता आलं असतं. असंच करतात सगळीकडे. कुणाला लपायला लागलं नसतं. एक तारखेलाच अख्खा महिना का भरून ठेवायचा?"

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मी ती सुरू व्हायची वाट बघितली. झाली नाही.

"रविवारी भरायचो मॅडम," मी म्हणालो. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी. ऑफिसात येऊन. एका बैठकीत चार-पाच तास जायचे."

"सुट्टीच्या दिवशी?"

"लग्नं, बारशी, जत्रा... कोण कुठे जाणार ते ठरवायचो. वेळ जायचा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जबाबातल्या त्या प्रश्नापुढे 'सोयीसाठी' असं लिहून त्यांनी वाक्य संपवलं. मला ते फार बरं वाटलं.

पुढे काय झालं ते सांगायला फार नाही. शेठला मागचे पैसे व्याजासकट भरावे लागले, दंड वेगळा. राजेशमला पूर्ण पगारावर पेन्शन बसली. मॅडमनी आणखी एक केलं. दर महिन्याच्या सात तारखेला प्रत्येकाचे भरलेले दिवस आणि पगार यांचा तक्ता गेटवर लावायचा, असं शेठकडून लिहून घेतलं. त्या म्हणाल्या होत्या, "मी तीन वर्षांतून एकदा येते. ही माणसं रोज येतात. तपासायचं त्यांनीच." पहिल्या महिन्यात तक्त्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, फक्त पगार कमी आला म्हणून माझ्या नावाने शिव्या दिल्या. दुसऱ्या महिन्यात म्हणे एकाचा एक दिवस कमी लागला, तर त्याने माग बंद करून ठेवला. भरून मिळाल्यावरच सुरू केला. हे मला मॅडमनी फोनवर सांगितलं. याला आता सहा वर्षं झाली.

तक्ता लागला तेव्हा मी तिथे नव्हतो. जबाबानंतर पंधरा दिवसांनी शेठने मला ऑफिसात बोलावलं. वकीलही बसला होता. शेठ माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

"असं तोंडी नाही चालणार," वकील म्हणाला. "आता सगळं कागदावर पाहिजे. काढल्याचं पत्र द्या."

"द्या मग."

"पण याला ठेवल्याचं पत्र कुठाय? जो कामावरच नाही त्याला काढणार कसं? आधी घ्यावा लागेल."

शेठने वकिलाकडे बघितलं. वकील गंभीर होता. त्याने तिथेच टाईप करायला घेतलं. श्री. विश्वंभर नामदेव घुगे यांची क्लार्क या पदावर नियुक्ती करण्यात येत आहे. माझं पूर्ण नाव विचारून घेतलं, वडिलांचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. कागद प्रिंटरमधून बाहेर आला, शेठने सही केली, मी केली, शिक्का बसला.

दुसरं, कामावरून काढल्याचं पत्र छापायला गेले तर प्रिंटरमध्ये कागद अडकला.

वकील झाकण उघडून खटपट करायला लागला. शेठ फोनवर सुताचा भाव बोलत बसला. मला कुणी जा म्हणालं नाही, म्हणून मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. सगळे माग चालू होते. काचेतून सगळी माणसं दिसत होती, त्रेचाळीसातला एक सोडून. कुणी वर बघितलं नाही. टेबलावर नवीन मस्टर पडलं होतं. त्याला कारणाचा रकाना नव्हता. माझी पेन्सिल टोक करायची राहिली होती, ती केली. ड्रॉवर पुसून घेतला. कॅलेंडर मागच्या महिन्यावरच होतं, ते बदललं.

साधारण वीस मिनिटांनी प्रिंटर सुरू झाला.